सांडपाण्याची वाट

गांवांत नळ आला म्हणजे नारळ फुटतो, पेढे वांटले जातात; पण त्या नळाचें पाणी मोरींतून बाहेर पडून पुढें कोठें जातें, हें त्या समारंभांत कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तो प्रश्न नळाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि ठाणें-कल्याणच्या आसपासच्या खेड्यांनीं तो दुसऱ्या कोणावर सोंपवून स्वस्थ बसूं नये.

थोडा हिशेब करूं. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशननें दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलें. त्यांतील सुमारें आठ दशांश सांडपाणी होऊन बाहेर पडतें, असें स्थापत्यविशारद मानतात. म्हणजे पांच माणसांच्या घरांतून रोज २२० लिटर, व हजार वस्तीच्या गांवांतून ४४,००० लिटर! विहिरीवरून हंडे वाहून आणावे लागत, तेव्हां आयाबहिणी पाणी तोलून वापरीत, आणि सांडलेलें परसांत मुरून जाई. कोंकणांतील जुन्या घरामागें मोरीचें पाणी अळूच्या वाफ्यांत किंवा केळीच्या बुडाशीं सोडण्याची रीत होती. त्यास कोणी शास्त्र म्हणत नसे, पण तें शास्त्रच होतें. आतां अंगणास फरशी आली, परसांत भाड्याची खोली उठली, आणि मोरीचें तोंड रस्त्याकडे वळलें.

रस्त्यावरचें पाणी ओढ्यास मिळतें व ओढा नदीस. शके ९८२ मध्यें बांधलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी आज लोकांच्या तोंडीं नाला झाली आहे. कारखान्यांचा दोष मोठा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उन्हाळ्यांत उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी घरगुती सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद यांवरही पोसते. आणि त्याच उल्हासचें पाणी मोहिली येथें उचलून, शुद्ध करून, कल्याण-डोंबिवलींत पुरविलें जातें. वरच्या गांवची मोरी आणि खालच्या शहराचा नळ यांचें नातें असें जवळचें आहे.

डोंबिवलीजवळचीं सत्तावीस गांवें १९८३ मध्यें महापालिकेंत गेलीं, २००२ मध्यें बाहेर पडलीं, २०१५ मध्यें पुन्हां आंत आलीं. आंत असावें कीं बाहेर, या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. गटार कोणीं बांधावें याचा निकाल लागेपर्यंत मोऱ्या मात्र थांबल्या नाहींत.

नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी या लहानशा गांवानें वाट पाहिली नाहीं. तेथें घरोघरीं शोषखड्डे झाले, आणि उघडीं गटारें व डास दोन्ही हटले. साचलेल्या घाण पाण्यांत वाढणारा क्यूलेक्स डासच हत्तीरोग पसरवितो, हें येथें लक्षांत घ्यावें. शोषखड्ड्याची रचना शाळकरी मुलासही समजेल: चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, तळाशीं मोठे दगड, वर लहान, मध्यभागीं भोंकें पाडलेलें मडकें किंवा सिमेंटची टांकी. पाणी तींत शिरतें, गाळ खालीं बसतो व पाणी दगडांतून जमिनींत मुरतें.

हा उपाय सर्वत्र चालेल असें मात्र नाहीं. खाडीकांठच्या खाजणांत, किंवा पावसाळ्यांत जेथें हातभर खणतांच पाणी लागतें तेथें, खड्डा तुंबेल. पिण्याच्या विहिरीजवळ तो कधींही करूं नये. शौचालयाचें पाणी त्यांत सोडूं नये. त्याची व्यवस्था निराळी. दाटीच्या चाळींत खड्ड्यास जागा नाहीं. तेथें पंचायतीनें गांवाबाहेर स्थिरीकरणाचें तळें करून सर्वांचें पाणी त्यांत न्यावें. ऊन, वारा आणि सूक्ष्म जंतू हे तेथें बिनपगारी काम करतात.

पण आमचा अनुभव असा कीं, योजना बुडते ती खड्ड्यापायीं नव्हे, मडक्यांतील गाळापायीं. खरकटें, केस, राख यांचा थर कोणीं काढावयाचा? आमच्या समाजांत घाण उपसणें हें कोणा एका जातीच्या माथीं मारण्याची जुनी खोड आहे. पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत, छावणीची स्वच्छता राखण्यासाठीं प्रत्येकानें आपल्या सामानांत खणण्याचें साधन बाळगावें अशी आज्ञा आहे. तें काम मोशेनें कोणा एका वंशाकडे दिलें नाहीं.

म्हणून पालकांस आमची एक सूचना आहे. घरीं शोषखड्डा झाल्यावर त्याचें झांकण उघडून गाळ काढण्याचें काम मोलकरणीस किंवा सुनेस सांगूं नये. तें मुलग्यानें दर रविवारीं, प्रार्थना आटोपून आल्यावर, हातमोजे घालून व नंतर साबणानें हात धुऊन करावें, आणि पहिले कांहीं रविवार वडिलांनीं त्याच्याबरोबर बसावें.