ट्रम्पेट फुंकणाऱ्याचं नाव



कसब्यात लग्नसराईत बँडवाले अजून 'ईना मीना डिका' वाजवतात. पोरं घाम निथळेस्तोवर नाचतात, पण क्लॅरिनेट फुंकणाऱ्याचं नाव एकालाही ठाऊक नसतं. मी मुंबईच्या गोदीत पोलादाची भेंडोळी उतरवतो, रजेत कसब्यातल्या मामाच्या खोलीवर हा अंक जुळवतो. मालावर कंपनीचा मार्का असतो, उचलणाऱ्याचा नसतो. म्हणून या गाण्याच्या मागं लागलो.

गाणं १९५७ सालचं, 'आशा' सिनेमातलं. किशोरकुमार आणि आशा भोसले, दोघांनी वेगवेगळं गायलं. शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. संगीत सी. रामचंद्र, म्हंजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांचे शिष्य. जन्माची गोष्ट अशी सांगतात : बाहेर पोरं राज्य कुणावर हे ठरवायला 'ईनी मीनी मायनी मो' म्हणत होती. आतल्या मंडळींनी ते उचललं. अण्णांचा गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स, त्यानं 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोंकणी शब्द त्यात ठोकून दिले. झालं गाणं. सगळे म्हणतात, बिनअर्थाचं, मजेचं.

बिनअर्थाचं? त्या अडम-तडमचं जुनं अमेरिकी रूप बघा. काळ्या माणसाला शिवी घालून त्याला पायाच्या बोटाला धरा, असं त्यात होतं. बोल्टन नावाच्या गृहस्थानं १८८८ साली मुलांची असली गाणी गोळा करून छापली, त्यात ते आहे. पुढं शिवी काढून तिथं वाघ बसवला. म्हंजे पोरांच्या खेळातच द्वेष पाजलेला, आपल्याकडं जातीच्या म्हणी पोरांच्या तोंडी बसतात तसाच. आणि गंमत साली अशी, की मुंबईत त्या शब्दांखाली जो ठेका आला तो त्याच काळ्या माणसाचा.

जाणकार म्हणतील, हा जॅझ नव्हे, रॉक अँड रोल. म्हणोत. दोन्हींची माय ब्लूज, कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांची. 'पाश्चात्त्यांची नक्कल' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना माझा सवाल एवढाच : तुमचा पाश्चात्त्य म्हंजे कोण? गोरा?

हा बाज मुंबईला बोटीनं आला. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मागून टेडी वेदरफर्ड, पियानोवाला. त्यांच्या देशात दक्षिणेकडं काळ्यानं बसमध्ये मागं बसायचं. इथं त्यांच्या तालावर साहेब आणि संस्थानिक नाचत. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला. पण तोवर असल्या बँडांत गोव्याची पोरं शिरली होती.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. सिनेमाच्या बहुतेक संगीतकारांना ती येत नव्हती. चाल सुचायची एकाला. ट्रम्पेट कुठं उठेल, व्हायोलिनं कधी शिरतील, हे कागदावर उतरवायचा गोवेकर. अल्दोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ताजमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि स्टुडिओत अण्णांच्या गाण्यांची बांधणी करायचा. 'अलबेला'त (१९५१) तो झालरीचे कपडे घालून बँडसकट पडद्यावर दिसतो. दिसतो, एवढंच. तबकडीवर गायक आणि संगीतकार, वादकाला जागा नाही. १९६७ साली चिक गेला.

अण्णांचं मोठेपण मी नाकारत नाही. सोवळ्या कानांच्या माणसांत असला ठेका आणायला छाती लागते. पण चाल बांधणारा आणि फुंकणारा, दोघांचं मिळून गाणं होतं. एकाचं नाव राहतं, दुसरा रेकॉर्डिंगपुरते पैसे घेऊन घरी जातो.

गाणं मात्र टिकलं. १९९४ साली त्याच नावाचा आख्खा सिनेमा निघाला. आणि आमच्या कसब्यातल्या वरातीत ते रोज नव्यानं जन्मतं. तिथला वाजवणारा स्वरलिपी शिकलेला नाही, कानावर विसंबून फुंकतो, आणि कडव्याच्या मध्येच स्वतःचं काहीतरी घुसडतो. शिकागोत याला कला म्हणतात. इथं त्याला 'ए बँडवाल्या, जोरात' म्हणतात.

पुढच्या अंकाची चार पानं मोकळी ठेवली आहेत. आपापल्या वस्तीतला हलगीवाला, ताशावाला, क्लॅरिनेटवाला गाठा. नाव, गाव, वाद्य, कुणाकडून शिकला, एका वरातीचे हातात किती पडतात, सगळं लिहून आणा. अक्षर गचाळ असलं तरी चालेल. जुळवायला मी आहे.