नांव झांकून सत्ता मोजावी

गेल्या सत्रांत आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळापुढें एक परदेशी विषय आला होता. ‘अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या सत्तेवर अधिक बंधनें असावींत काय?’ असा तो प्रश्न होता. विषय वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनींच निवडला. कित्येकांचे आप्त नोकरीनिमित्त त्या देशांत राहतात, आणि तेथील बातमी आतां येथें क्षणांत पोहोंचते. सभा सुरू होऊन दहा मिनिटें झालीं नाहींत तोंच सत्तेचा प्रश्न बाजूस राहिला व एका माणसाचें नांव पुढें आलें. एका पक्षास तें नांव देवासमान, दुसऱ्यास राक्षसासमान. कोणताही निर्णय न होतां सभा उठली, आणि एका बाकावर बसणारे दोन जिवलग मित्र आठवडाभर एकमेकांशीं बोलले नाहींत. हा दोष केवळ मुलांचा असता, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु वडील माणसांतही हाच प्रकार आम्हीं पाहिला आहे. म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें आमचें मत मांडीत आहों.

प्रथम विषयाचें स्वरूप ध्यानांत घेऊं. आपले राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें वागतात. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र स्वतःच कारभाराचा प्रमुख व सैन्याचा सरसेनापति असतो. १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं राज्यघटना रचण्यास जे गृहस्थ जमले, त्यांनीं अध्यक्षास बळ दिलें, पण बळाबरोबर लगामही दिला. कायदा करणें व पैसा मंजूर करणें हें काँग्रेसचें काम. अध्यक्षानें एखादा कायदा नाकारला, तर दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश मतांनीं तो त्याच्या इच्छेविरुद्धही अमलांत येतो. तह व मोठ्या नेमणुका यांस सीनेटची संमति लागते. अध्यक्षावर महाभियोग आणण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाचा, व त्याचा न्याय करण्याचा सीनेटचा.

येथें एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. त्या परिषदेचें अध्यक्षस्थान जॉर्ज वॉशिंग्टन यांजकडे होतें, आणि राष्ट्राच्या प्रथमाध्यक्षाचा मानही त्यांसच मिळणार, अशी पुष्कळांची अटकळ होती. ज्याच्यावर सर्वांचा विश्वास, त्याच्या देखत हीं बंधनें लिहिलीं गेलीं. तरीही परिषदेचे एक सभासद पिअर्स बटलर यांनीं १७८८ सालीं एका पत्रांत कबूल केलें कीं, वॉशिंग्टन यांजकडे दृष्टि असल्यामुळें अध्यक्षाचे अधिकार जरा अधिकच विस्तृत झाले. एवढ्या शहाण्या माणसांच्या हिशेबांतही नांव शिरलेंच!

पुढील इतिहासांत मात्र नांव विसरून न्याय करणारे लोकही त्या देशानें दाखविले. १९३६ च्या निवडणुकींत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ संस्थानें जिंकलीं. पुढल्याच वर्षीं त्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत सहापर्यंत नवे न्यायाधीश वाढविण्याची योजना आणली. सीनेटमध्यें त्यांच्याच पक्षाचें प्रचंड बहुमत होतें. तरी त्याच सीनेटनें ती योजना ७० विरुद्ध २० मतांनीं समितीकडे परत धाडून निकालांत काढली. १९५२ सालीं कोरियांतील युद्ध चालू असतां पोलादाच्या कारखान्यांत संपाचा रंग दिसूं लागला, तेव्हां अध्यक्ष ट्रूमन यांनीं ते कारखाने सरकारच्या ताब्यांत घेतले. सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तें कृत्य घटनाबाह्य ठरविलें. विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकीं दोघे ट्रूमन यांनींच नेमलेले होते. १९७४ सालीं अध्यक्ष निक्सन यांनीं आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचें नाकारलें, तेव्हां त्या दिल्याच पाहिजेत असा निकाल आठही न्यायाधीशांनीं एकमतानें दिला. आणि तो लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर यांची नेमणूक निक्सन यांचीच होती.

अलीकडे हा गुण दुर्मिळ होत चालला आहे. २०१९ सालीं अध्यक्ष ट्रम्प यांनीं राष्ट्रीय आणीबाणी पुकारून, काँग्रेसनें दिला त्याहून अधिक पैसा सीमेवरील भिंतीकडे वळविला. सीनेटमध्यें त्यांच्या पक्षाच्या बारा सभासदांनीं त्याविरुद्ध मत दिलें. परंतु त्यांनीं आपला नकाराधिकार वापरला, व तो मोडण्याइतकीं मतें मिळालीं नाहींत. २०२२ सालीं अध्यक्ष बायडेन यांनीं आणीबाणीसंबंधींच्या २००३ च्या एका कायद्याचा आधार घेऊन विद्यार्थ्यांचें कर्ज मोठ्या प्रमाणावर माफ करण्याचें ठरविलें. २०२३ सालीं न्यायालयानें ती योजना रद्द केली. भिंत व कर्जमाफी यांत साम्य कांहींच नाहीं. परंतु आणीबाणीचें नांव घेऊन काँग्रेसला वळसा घालावा काय, हा प्रश्न दोहोंत एकच होता. तरी पहिल्या वेळीं घटनेच्या नांवानें हांक मारणारे पुष्कळ लोक दुसऱ्या वेळीं मौन धरून बसले, आणि पहिल्या वेळीं मौन धरणाऱ्यांस दुसऱ्या वेळीं कंठ फुटला. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दोघांसही दिसलें. आपल्या डोळ्यांतील मुसळ कोणासच दिसलें नाहीं.

याचा परिणाम दूरवर पोहोंचतो. २०२४ सालीं ट्रम्प यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं असें ठरविलें कीं, अध्यक्षानें पदाच्या नात्यानें केलेल्या कृत्यांबद्दल त्यास फौजदारी खटल्यापासून मोठें संरक्षण आहे. खटला एकाचा, पण निकालाचा लाभ पुढील प्रत्येक अध्यक्षाचा. मग तो कोणत्याही पक्षाचा असो. सत्तेचा अंगरखा एका माणसाच्या मापानें शिवला जातो खरा. परंतु तो घालणारे पुढें अनेक येतात.

प्रतिपक्षाचें म्हणणें निर्बल आहे असें मात्र कोणीं समजूं नये. हात बांधलेला नेता संकटांत राष्ट्रास काय तारणार, असें ते विचारतात. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें तेव्हां काँग्रेसची बैठक चालू नव्हती. लिंकन यांनीं बंदिवानास न्यायाधीशापुढें आणविण्याचा हक्क कांहीं भागांत स्वतःच्या हुकुमानें स्थगित केला. ते काँग्रेसची वाट पाहत बसते, तर कदाचित् राजधानीही धोक्यांत आली असती. हा आक्षेप आम्ही मान्य करतों. पण जुलैंत काँग्रेस भरतांच लिंकन यांनीं आपल्या कृत्याचा जबाब तिजपुढें ठेविला, आणि १८६३ सालीं तिनें त्यासंबंधीं कायदा केला, हेंही सांगितलें पाहिजे. संकटांत त्वरा क्षम्य आहे. हिशेब देण्याची टाळाटाळ क्षम्य नाहीं.

पवित्र शास्त्रांतील नाथान संदेष्ट्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. गरिबाची एकुलती मेंढी हिरावून घेणाऱ्या धनवानाची हकीकत ऐकतांच दावीद राजानें कठोर न्याय सांगितला. कारण हकीकतींत नांव नव्हतें. मग तो अपराधी राजा स्वतःच आहे, हें नाथानानें त्यास दाखविलें. नांव आधीं सांगितलें असतें, तर न्याय इतका सरळ झाला असता काय?

हीच युक्ति आम्हीं मंडळाच्या पुढच्या सभेंत योजिली. तीन नियम घातले. कोणत्याही अध्यक्षाचें अथवा पक्षाचें नांव उच्चारूं नये. प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम त्याला पटेल अशा शब्दांत सांगावें, मगच उत्तर द्यावें. आणि जो अधिकार आपण मागतों तो आपणांस सर्वांत नावडत्या माणसाच्या हातीं गेला तर चालेल काय, याचें उत्तर प्रत्येकानें द्यावें. ते दोघे मित्रही बोलले. मतें कोणाचींच फारशीं बदललीं नाहींत. एकास बळकट अध्यक्ष हवा होता, तो तसाच राहिला. दुसऱ्याचा संशयही गेला नाहीं. परंतु पैसा काँग्रेसच्या संमतीवांचून खर्च होऊं नये, आणि आणीबाणीस मुदत असावी, या दोन गोष्टींवर दोघांचें एकमत झालें, व याचें नवल त्यांचें त्यांसच वाटलें. घरीं जातांना ते बरोबर गेले.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, घरीं राजकारणाची गोष्ट निघाली व आवाज चढूं लागला, म्हणजे मुलांदेखत हा प्रयोग एकदां करून पाहावा. नांव झांकावें आणि सत्ता मोजावी. नांव उघडल्यावरही माप तेंच राहिलें, तर आपण तत्त्वासाठीं भांडत होतों. बदललें, तर केवळ माणसासाठीं. मुलें हें पाहत असतात, आणि उद्यां मतपेटीपुढें तींच उभीं राहणार आहेत.