औषध स्वस्त हवे, आणि तपासलेलेही हवे



१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा जीव घेतला. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने सगळे लागेबांधे चव्हाट्यावर आणले आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात मुले दगावली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या चार सिरपांबाबत जगाला सावध केले. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या वीसहून अधिक लेकरांचा खोकल्याच्या औषधाने बळी घेतला. त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत उपचार सुरू असतानाच गेली. विष तेच, १९८६ चे.

हे विष चवीला गोड असते. सिरपातला द्रव औषधी दर्जाचा न घेता औद्योगिक घेतला आणि तो तपासलाच नाही, की ते बाटलीत उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करते.

अशा बातम्या आल्या की माणसे घाबरून महागड्या ब्रँडकडे वळतात. पण किंमत म्हणजे दर्जा नव्हे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्यांसाठी दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. गरीब देशांतल्या रुग्णांना जगण्याची आशा दिली ती याच जेनेरिक औषधांनी. तपासणीत कुचराई करणारे त्यांच्यावरचा विश्वासच मारतात, आणि त्याची किंमत हातावर पोट असलेला माणूस मोजतो.

म्हणून आमची कळकळीची विनंती :

• डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहायला सांगा. त्याच घटकाचे जनऔषधी केंद्रातले औषध चालेल का, हे त्यांनाच विचारा.

• मेडिकलमधून बिल घेतल्याशिवाय निघू नका. बिलावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळतो का, पाहा.

• दोन वर्षांखालच्या बाळाला सर्दी-खोकल्याचे सिरप देऊ नका. पाच वर्षांपर्यंतही डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको. शेजारणीने सुचवले म्हणून तर मुळीच नको.

• औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर तडक रुग्णालय गाठा. बाटली फेकू नका. तीच पुरावा असते. दुष्परिणाम १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या.

• औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६ लक्षात ठेवा. विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे.

एवढ्यावर थांबू नका. दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रसिद्ध करते. ती प्रत्येक मेडिकलच्या दर्शनी भागात मराठीत लागावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा. शहरात राहत असाल, तर नगरसेवकाला आणि आमदाराला तसे पत्र द्या. औषध निरीक्षक किती, रिकाम्या जागा किती, तपासणीचा अहवाल किती दिवसांत येतो, याचा जाबही त्यांना विचारा.

जे. जे.तल्या चौदा जणांना हे विचारायची संधी मिळाली नाही. आपल्याला आहे. आज घरातली औषधांची पेटी उघडा आणि पहिले बिल शोधण्यापासून सुरुवात करा.