सुई आणि शिपाई

प्लेगची लस हाफकिन यांनी मुंबईत सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. तरीही अनेक जण बिचकले. या बिचकण्याला सर्रास 'अज्ञान' म्हटले जाते. आम्हांला ते पटत नाही. घरात शिरून रोग्याला उचलून नेणाऱ्या सरकारच्या राज्यात लोकांनी सुई आणि शिपाई वेगळे मानावेत तरी कसे? याउलट, आगाखान यांनी (तेव्हा ते विशीच्या आसपासचे होते!) अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि मुंबईतील खोजा मंडळी हजारोंनी पुढे आली. लस तीच होती.

२०२१ मध्ये ऑनलाइन तासाला कोविडच्या लशीविषयी शंका काढणाऱ्या विद्यार्थ्याला आम्हीही 'अडाणी' ठरवून गप्प केले. त्याचा विश्वास नेमका कोणावर नव्हता, हे विचारले नाही.