मागचं चाक

"दुचाकीस्वार ट्रकच्या मागील चाकाखाली सापडून जागीच ठार."

ही ओळ आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचली आहे की आता ती नजरेखालून नुसती सरकते. मी वीसेक वर्षं बातम्या लिहितोय. गावाचं नाव बदलतं, चौक बदलतो, मयताचं वय बदलतं. मागचं चाक मात्र बदलत नाही. पुढच्या चाकाखाली आल्याची बातमी त्यामानानं कमी. असं का, यावर टपरीवर कुणी बोलताना मी ऐकलेलं नाही. ड्रायव्हर प्यायलेला असणार, गाडी भरधाव असणार, एवढं म्हणून चहा संपतो आणि विषयही संपतो.

मी मंगळवार पेठेत राहतो. आमच्याकडं तिकट्या लई. मिरजकर तिकटी, कोळेकर तिकटी. तीन वाटा मिळतात ती तिकटी. टांगे आणि बैलगाड्यांच्या काळातली ही वळणं. त्याच वळणांवरून आता सकाळी वाळूचा डंपर येतो, विटांचा ट्रक येतो, पाण्याचा टँकर येतो, वर अंबाबाईला आलेल्या परगावच्या मोठ्या बसगाड्या वाट चुकून आत शिरतात. रस्ता तेवढाच, कोपरे तेवढेच. हे पेठेचं झालं. शहराबाहेरून येणारी अवजड गाडी तावडे हॉटेलवरून आत वळली की तिला पहिल्यांदा भेटतो तो कावळा नाका, म्हणजे ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आणि त्याभोवतीचं वर्तुळ. मार्केट यार्डातला गूळ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीचा माल, हंगामात कारखान्यांकडं निघालेला ऊस, हे सगळं या ना त्या चौकाला वळसा घालूनच पुढं जातं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. गुळाच्या ट्रकवर उभी हयात गेली, आता गुडघे गेलेत म्हणून घरी असतात. त्यांना मी हाच प्रश्न विचारला, मागचंच चाक का? ते म्हणाले, "आरं, पुढचं चाक कुठं जाणार ते मी ठरवतो. मागचं चाक कुठं जाणार ते गाडीची लांबी ठरवती. माझ्या हातात स्टेअरिंग हाय, पण ते पुढच्या दोन चाकांचं."

मग त्यांनी कट्ट्यावर काडीनं रेघा ओढून दाखवलं, तेच इथं लिहितो. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या अंगानं, जवळच्या वाटेनं कापत जातात. गाडी जितकी लांब, तितकी ती जास्त आत येतात. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतील तर दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आत येते. रस्त्याची एक लेन साधारण साडेतीन मीटरची, ट्रकची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे सरळ रस्त्यावर ट्रक एका लेनमध्ये आरामात मावतो. वळणावर मावत नाही. तिथं त्याला दीड-दोन लेन लागतातच. यात मस्ती नाही, दादागिरी नाही.

आता हे चौकाच्या वर्तुळात बसवून बघा. आपण डाव्या बाजूनं चालवतो, म्हणून वर्तुळात शिरताना डावीकडं वळायचं, मग पुतळा उजव्या हाताला ठेवून फिरायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडं. फिरताना ट्रकची मागची चाकं पुतळ्याकडं, म्हणजे उजवीकडं सरकतात. शिरताना आणि बाहेर पडताना ती डावीकडच्या फुटपाथकडं सरकतात. ड्रायव्हर बसलेला असतो उजव्या बाजूला, उंचावर. उजवीकडचं त्याला बऱ्यापैकी दिसतं. डाव्या दाराखालचं, केबिनच्या अगदी लगतचं काहीच दिसत नाही. तिथं तुमची अॅक्टिव्हा असेल तर त्याच्या लेखी ती जगातच नाही.

आणि आपण नेमके तिथंच जातो.

डावीकडं वळण्याआधी लांब गाडीला थोडं उजवीकडं जावं लागतं, नाहीतर मागचं चाक कट्ट्यावर चढतं. ट्रक उजवीकडं झुकला की त्याच्या डाव्या अंगाला एक फट उघडते. मागचा दुचाकीवाला ती बघतो. त्याला वाटतं, ट्रक उजवीकडं निघाला, आपल्याला वाट मिळाली. तो आत घुसतो. तेवढ्यात ट्रक डावीकडं वळायला लागतो आणि फट मागून मिटत येते. पुढचं चाक पुढं निघून गेलेलं असतं, म्हणून माणसाला वाटतं आपण सुटलो. मग मागचं येतं.

काका म्हणाले, त्यांच्या वेळी गाडीवर किन्नर असायचा. वळण आलं की तो डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर, दारावर थाप मारत ओरडायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. तो पोरगा म्हणजे गाडीचा डावा डोळा. आता भाड्यात दुसऱ्या माणसाचा पगार बसत नाही म्हणून कितीतरी गाड्यांवर ड्रायव्हर एकटाच असतो. डिझेलचे दर, टोल, हप्ते यावर आपण तासन्‌तास बोलतो. डावा डोळा गेला त्याची कुणाला खबर नाही.

म्हणून ट्रकवाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणणार नाही. ट्रक चौकाच्या तोंडाशी आला की नाक आत खुपसायचं आणि बाकीच्यांनी थांबावं अशी अपेक्षा धरायची, हे रोज चालतं. उसाच्या ट्रॉलीला मागं साधा लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, पुढं साउंड सिस्टीम एवढी मोठी की अॅम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येऊ नये. असल्या ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराला मी माफ करायला तयार नाही. त्याचा ऊस आपल्याच शेतातला आहे हे माहीत असूनही नाही.

पण चौकात आधी कुणी जायचं, हा प्रश्न रुबाबाचा नाही, नियमाचा आहे आणि नियम साधा आहे. चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. १९८९ च्या केंद्रीय नियमांत हे होतं, २०१७ मध्ये नवी नियमावली आली तिचंही सूत्र तेच. वर्तुळात आधीच फिरत असलेली गाडी शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते, म्हणजे आत असलेल्याचा हक्क पहिला. इंग्रजांनासुद्धा हे उशिरा कळलं बरं का. त्यांच्याकडं वर्तुळं होती, पण शिरणारा आणि फिरणारा दोघंही हक्क सांगायचे आणि गर्दीच्या वेळी सगळं वर्तुळ गच्च होऊन बसायचं. १९६६ मध्ये त्यांनी नियम पक्का केला की शिरणाऱ्यानं थांबायचं. कुलूप निघालं. आपल्याकडं संध्याकाळी सातला एखादा चौक गच्च होतो तेव्हा आत जागा नसताना शिरलेली पाचपन्नास माणसं असतात आणि त्यात एक ट्रक असतो, ज्याला पुढंही जाता येत नाही आणि मागंही. सगळे हॉर्न त्याच्यावर.

हॉर्नवरून आठवलं. ट्रकच्या मागं लिहिलेलं ते "हॉर्न ओके प्लीज" महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद करण्यात आलं, कारण त्यानं उगीच हॉर्न वाजवायला चिथावणी मिळते. पाटी गेली, सवय राहिली. वळणाऱ्या ट्रकमागं हॉर्न वाजवून काय मिळतं? ड्रायव्हर घाबरून घाई करतो. वळणावर घाई म्हणजे मागचं चाक आणखी आत.

घाबरून हा शब्द मी मुद्दाम वापरला. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते आठवत असेल. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली होती. सरकारनं ते कलम तूर्त लागू केलं नाही. तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ड्रायव्हरांना शिव्या दिल्या, की पळून जायचा हक्क मागतात. पळून जाणं चूकच. पण चौकात ट्रकखाली कुणी आलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते मी पाहिलेलं आहे. चूक कुणाची हे विचारायला कुणी थांबत नाही. काच फुटते आणि माणूस खाली ओढला जातो. परमुलखातला ड्रायव्हर असेल तर त्याला आपली भाषाही येत नाही. जून २०२४ मध्ये आपल्या सायबर चौकात दुचाकीवाल्यांना उडवणारी गाडी कार होती, ट्रक नव्हता. तरी "अवजड वाहनांना शहरात बंदी घाला" हे निवेदन आपल्याकडं कायम तयार असतं. बंदीच्या वेळा असाव्यात, शाळा सुटताना तर असाव्यातच. पण दिवसभर अडवलेल्या गाड्या रात्री एकदम सुटतात, तेव्हा चौकात पोलीसही नसतो. आणि घर बांधायला वाळू आपल्यालाच हवी असते.

महापालिकेनं आणि वाहतूक शाखेनं काय करावं? पुलाबिलाची मागणी मी करत नाही. चौकाच्या तोंडाशी थांबण्याची पांढरी रेघ ठळक मारा, दर वर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा मारा. वर्तुळाच्या कडेला थोडा उंच, खडबडीत पट्टा ठेवता येतो. लांब गाडीचं मागचं चाक त्यावरून जातं आणि छोट्या गाड्या आपसूक बाहेर राहतात. परदेशात हे सर्रास आहे, खर्च फार नाही. कोपऱ्यापासून काही अंतर गाड्या लावू देऊ नका, कारण कोपऱ्यावर उभी असलेली एक रिक्षा ट्रकला आणखी बाहेरून वळायला लावते. आणि वाढदिवसाची डिजिटल. चौकातलं एकेक डिजिटल म्हणजे शिरणाऱ्याच्या उजव्या डोळ्यावर बांधलेली पट्टी. हे लिहिल्यावर मला कुणाकुणाचे फोन येणार ते माहीत आहे. येऊ देत.

बाकीचं आपल्याकडं आहे. पुढं ट्रक किंवा ट्रॉली वळत असेल तर तिच्या बरोबरीनं चौकात शिरायचं नाही, मागं राहायचं. त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं धरून चालायचं. डाव्या फटीत तर अजिबात नाही, कितीही मोठी दिसू दे. ट्रक पूर्ण वळून सरळ झाला की मग खुशाल पुढं जा. यात दहा-पंधरा सेकंद जातात. खासबागेत कुस्ती लागण्याआधी दोन पैलवान सलामी देतात त्याला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि तिथं कुणी ओरडत नाही की लवकर आवरा.

ड्रायव्हर भावांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर एवढंच, की वळायच्या बऱ्याच आधी इंडिकेटर द्या आणि चौकाच्या तोंडाशी एकदा पूर्ण थांबा. तुम्ही थांबलात की मागचा थांबतो. ट्रॉलीवाल्यांनी आज संध्याकाळी एक ओलं फडकं घेऊन मागचे रिफ्लेक्टर पुसा.