ठिपक्यांच्या गणवेशाआड कोण?

रानाशी एकरूप होऊन शत्रूवर तुटून पडणे ही मावळच्या डोंगरातील गनिमी काव्याची जुनी रीत. सैनिकाच्या ठिपकेदार गणवेशाचे प्रयोजनही तेच : पाला, माती व सावली यांचे रंग तुकड्यातुकड्यांनी मांडून मानवी आकृतीची बाह्यरेषा मोडावयाची. 15 जानेवारी 2022 रोजी लष्कराने दाखविलेला नवा गणवेश याच तत्त्वावर बेतलेला आहे. त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

हरकत आहे ती हाच वेश चढवून नागरी वस्तीत उभ्या केल्या जाणाऱ्या पोलिसी दलांना. डांबरी सडकेवर हिरवे-तपकिरी ठिपके काय लपविणार? तेथे त्यांचे काम धाक घालण्याचे! 2020 साली खुद्द लष्करानेच या नकलेस आक्षेप घेतला. सैनिक भासविण्यासाठी तसा वेश करणाऱ्या सामान्य माणसास मात्र भारतीय न्याय संहितेत तीन महिन्यांपर्यंत कैद आहे.

9 ऑगस्ट 2011 रोजी, क्रांतिदिनीच, पवनेच्या बंद जलवाहिनीस विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊर येथे गोळीबार झाला. तिघांचे प्राण गेले. गोळ्या पोलिसांनी झाडल्या हे मावळास निश्चित ठाऊक होते, म्हणूनच जाब विचारता आला. उद्या त्याच द्रुतगती मार्गावर ठिपकेदार वेशातील तुकडी उभी राहिली, तर जाब कोणास विचारावयाचा? पोलिसांस, राखीव दलास की लष्करास? बंदोबस्तावरील प्रत्येक शिपायाच्या अंगावर त्याच्या दलाचा स्वतंत्र गणवेश व छातीवर वाचता येईल असे नाव असलेच पाहिजे. बऊरच्या येत्या स्मृतिदिनापूर्वी ही मागणी वडगावच्या तहसील कचेरीत लेखी गेली पाहिजे.