धुरक्याचे छायाचित्र पुरावा कधी ठरते?

दर हिवाळ्यात दिल्लीच्या धुरक्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर झळकतात. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी शहराचा चोवीस तासांचा सरासरी हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ होता. निर्देशांकाचे कोष्टकच ५०० वर संपते. अशा सकाळी द्वारकेतील एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरून कोणी विद्यार्थी समोरच्या पुसट इमारतींचे छायाचित्र टिपतो, तेव्हा त्याचा हेतू नोंद ठेवण्याचा असतो. मात्र कॅमेरा ऑटो मोडवर असेल आणि फाइल केवळ जेपीईजी स्वरूपात साठवली जात असेल, तर जे नोंदवायचे होते तेच बऱ्याच अंशी पुसले जाते.

कारण साधे आहे. ऑटो मोडमधील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम राखाडी उजेडाचे आहे असे गृहीत धरतो. दृश्य अंधूक असेल तर तो एक्स्पोजर वाढवतो, पांढुरके असेल तर घटवतो. रंगांचा समतोलही कॅमेरा आपणच ठरवतो. ९ सप्टेंबर २०२० रोजी वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश नारिंगी झाले, तेव्हा अनेकांच्या फोनने ते राखाडी करून दाखवले. यंत्रात बिघाड नव्हता. छायाचित्र डोळ्यांना रुचेल असे करणे हे त्याला नेमून दिलेले कामच होते.

फाइलच्या स्वरूपाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. जेपीईजीमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाला २५६ पायऱ्या मिळतात आणि त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, आणि संवेदकावर पडलेला प्रकाश दुप्पट झाला की आकडाही जवळपास दुप्पट होतो. धुरके मोजण्यासाठी नेमके हेच हवे असते. दूरची गडद इमारत आणि तिच्यामागचे क्षितिजालगतचे आकाश यांच्या उजेडातील फरकाला आकाशाच्या उजेडाने भागले की मिळतो तो दृश्यभेद. तो अंतराबरोबर घातांकी गतीने घटतो, हा नियम कोश्मीडर यांनी १९२४ मध्ये मांडला. रॉ फाइलमधून हे गुणोत्तर काढता येते. एक्स्पोजर थोडे कमीअधिक झाले तरी ते टिकते. अट एवढीच की आकाश पूर्ण पांढरे पडता कामा नये. एकदा संवेदकाची मर्यादा ओलांडली गेली की तेथील माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

म्हणून शिस्त ठरवावी लागते: मॅन्युअल मोड, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, निरभ्र दिवशी आकाश पांढरे पडणार नाही असा एकच शटर स्पीड, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर स्थिर, कॅमेऱ्याचे घड्याळ अचूक, आणि रोज तीच जागा, तीच वेळ. एक्स्पोजर स्थिर ठेवले की दोन दिवसांची चित्रे नुसत्या डोळ्यांनीही प्रामाणिकपणे शेजारी ठेवता येतात.

रॉ फाइल जागा खाते, हा आक्षेप हिशेबात टिकत नाही. २४ मेगापिक्सेलची १४ बिटांची फाइल संकोचन न करता सुमारे ४२ मेगाबाइट भरते. रोज एक याप्रमाणे १२० दिवसांच्या अख्ख्या हिवाळ्याला सुमारे ५ गिगाबाइट पुरतात. खरा धोका निष्काळजीपणाचा आहे. संदेशवाहक ॲपवरून चित्र म्हणून पाठवलेली फाइल संकोचन पावते आणि शटर, आयएसओ, वेळ सांगणारी एक्झिफ माहिती बहुधा गमावते. मूळ फाइल तारखेच्या नावाने, दोन ठिकाणी जपायला हवी.

या पद्धतीला मर्यादाही आहे. हवेत ओलावा वाढला की कण फुगतात आणि प्रदूषण तेवढेच असूनही दृश्य अधिक पुसट होते. त्यामुळे छायाचित्रावरून पीएम २.५ चा आकडा थेट सांगता येत नाही. मात्र द्वारकेच्या विद्यार्थ्याला या बाबतीत दुर्मीळ सोय लाभली आहे. सेक्टर ८ मध्ये हवामापन केंद्र आहे आणि शेजारच्या पालमला हवामान विभाग दृश्यमानता व आर्द्रता मोजतो. गच्चीवरची नोंद या आकड्यांशी रोज ताडून पाहता येते.

शाळा-महाविद्यालयांनी विज्ञान प्रकल्पांत हे काम आवर्जून घ्यावे. ज्या हवेत मुले श्वास घेतात तिच्याविषयी बोलताना हाती तपासून पाहता येईल अशी मूळ फाइल असेल, तर ‘चित्र उजळवले आहे’ किंवा ‘मुद्दाम धूसर केले आहे’ या आरोपांना उत्तर देता येते. येत्या ऑक्टोबरच्या पहिल्या स्वच्छ सकाळी पहिली फाइल साठवली, तर नोव्हेंबरमध्ये तुलनेला आधार मिळेल.